माझे वजन ज्याने उतरवले

मित्रांनो, मी एक जुनी, छोटी मोटारगाडी आहे. म्हातारपणी गाड्या आपल्या माणसांचे गोडवे गातात म्हणे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझा एका माणसावर राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यात मिरवण्यासारखे काही नव्हते. इंजिन लहान, रंग राखाडी. दारे मात्र भक्कम. प्रत्येक दाराच्या पत्र्याआड एक आडवा लोखंडी दांडा होता. बाजूने कुणी येऊन आदळले तर आतल्या माणसाच्या बरगड्या वाचाव्यात, एवढेच त्याचे काम. बाहेरून तो कुणालाच दिसत नाही.

मला ताईंनी घेतले. त्या घरोघर जाऊन लोकांचे आखडलेले हातपाय चालते करायच्या. अठरा वर्षे त्यांनी मला वापरले. दर मंगळवारी त्या आपल्या एका रुग्णाला, शिंपीकाकांना, इस्पितळात न्यायच्या. काकांचा एक पाय दुमडला की कळा येत, म्हणून ते मागच्या सीटवर दाराला पाठ लावून, पाय लांब करून बसत. "ताई, तुमची गाडी माझ्यापेक्षा बरी चालते," असे ते दर वेळी म्हणायचे आणि ताई दर वेळी हसायच्या.

मग एकदा ताई जिन्यावरून पडल्या. मनगट मोडले. दोन महिने गाडी चालवता येणार नव्हती. त्यांनी माझी किल्ली भावाकडे दिली.

"सांभाळ रे. आठवड्यातून एक चक्कर मार, म्हणजे झालं."

"ताई, तू काळजीच करू नकोस," भाऊ म्हणाला.

चाळिशी उलटली तरी घरात त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. तो एका कारखान्यात लेथ चालवायचा. आदल्या वर्षी घाटातल्या शर्यतीत तो उसन्या गाडीने उतरला होता आणि आपल्याच जुन्या मित्राकडून दीड सेकंदाने हरला होता. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद. इंजिनाला हात लावायला त्या शर्यतीत बंदी होती. गाडीच्या वजनाबद्दल मात्र नियमात एक अक्षर नव्हते.

धाकट्याने न्हाणीघरातला वजनकाटा शेडमध्ये आणला आणि मला सोलायला घेतले. मागची सीट काढली, काट्यावर ठेवली, आकडा खडूने भिंतीवर लिहिला. जादा चाक, जॅक, हीटर, गालिचे. तळाच्या पत्र्यावरचा डांबरी थर त्याने छिन्नीने तासला. तासताना तो शीळ घालत होता. त्या शिळेचा मला आजही तिटकारा आहे.

त्याची बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, तुमचं पोट आधी उतरवा की. पाच-सहा किलो आयते जातील."

"तू घरात जा."

"ताईंना विचारलंत?"

"घरात जा म्हटलं ना!"

ती गेली. मग त्याने माझ्या दारांची आतली आवरणे उचकटली आणि ग्राइंडर लावून चारही दांडे कापून काढले. भिंतीवर बेरीज झाली ब्याऐंशी किलो. तो आनंदाने ओरडला.

शर्यतीत मी पळाले. खोटे कशाला बोलू, आयुष्यात कधी पळाले नव्हते तशी पळाले. प्रत्येक वळण हलके वाटत होते आणि त्या हलकेपणाची मला चीड येत होती. धाकटा अर्ध्या सेकंदाने जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. माझ्याकडे कुणी वळूनही बघितले नाही. हरलेला मित्र तेवढा जवळ आला. माझ्या दारावर बोट वाजवून म्हणाला, "पोकळ केलीस रे हिला." धाकट्याने त्याला ढकलून दिले.

पुढच्या आठवड्यात ताईंचा निरोप आला, की शुक्रवारी गाडी न्यायला येते. धाकट्याची धांदल उडाली. सीट बसवली, चाक ठेवले, गालिचे अंथरले. दांड्यांचे तुकडे मात्र केव्हाच भंगारात गेले होते. त्याने रिकाम्या दारांवर आवरणे दाबून बसवली.

"आत कोण बघतंय?" तो म्हणाला.

"त्या दाराला टेकून शिंपीकाका बसतात," बायको म्हणाली.

"तोंड उघडलंस तर याद राख."

शुक्रवारी सकाळी ताई आल्या, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि खूश झाल्या. "पुसूनबिसून ठेवलीस की!" मला ओरडावेसे वाटत होते, पण गाडीला हॉर्न असतो, जीभ नसते. ताईंनी किल्ली फिरवली, तोच बायको चपला न घालताच धावत आली आणि माझ्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"ताई, आधी दारं उघडून बघा. आतून."

धाकटा तिच्यावर धावून गेला. ताई खाली उतरल्या आणि दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. मग त्यांनी आवरण स्वतः ओढून काढले. आत वाकून बघितले. दांड्याच्या कापलेल्या टोकावरून बोट फिरवले.

"बस गाडीत," त्या भावाला म्हणाल्या.

"ताई, ऐक तरी..."

"पुढे बस. दाराशी."

त्यांनी मला भर रहदारीत आणले. डाव्या बाजूने बस, टेम्पो, ट्रक हातभर अंतरावरून जाऊ लागले. घाटात हेल्मेट घालून माझे टायर किंचाळवणारा हा गडी दारापासून सरकत सरकत गिअरच्या दांड्याला येऊन भिडला.

"ताई, हळू चालव ना!"

"तीसवरच आहे मी. नीट बस, दाराला टेकून. काका बसतात तसा."

तो टेकला नाही. त्याने तोंड ओंजळीत घेतले. ताईंनी मला थेट मोडीच्या बाजारात नेले.

माझ्याच जातीच्या मोडीत निघालेल्या गाड्यांची दांड्यांसकट चार दारे त्याने शोधली आणि तीन रविवार राबून बसवली. दोन हिरवी, दोन पांढरी. तोवर काका रिक्षाने गेले, पाय दुमडून, कळा सोसत. धाकट्याने ताईंची आणि काकांची माफी मागितली. बायकोची अजून मागितलेली नाही. माझी कोण मागणार?

मित्रांनो, मला कुणी पुसले नाही तरी चालेल. पण जिच्या भरवशावर दुसरा कुणी पाठ टेकून बसतो, त्या वस्तूतले काही काढायचे असेल, तर आधी त्याला सांगून या. सांगायची हिंमत होत नसेल, तर हातातला पाना खाली ठेवा.