मला दिवा करायला निघाले होते

मित्रांनो, मी एक जुना घडीचा कॅमेरा आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. का, ते ऐका.

शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या एका कारागिराने मला घडवलं. महोगनीचं अंग, पितळी बिजागऱ्या. मिटलो की जाड पुस्तकाएवढा. पुढचं झाकण पाडलं की त्याचाच पाट होतो, त्यावरच्या रुळांवरून भिंग पुढे सरकतं आणि मागोमाग चामड्याचा भाता उलगडतो. पाठीला धूसर काच. तिच्यावर चित्र जुळवायचं, मग तिथे मसाला लावलेली काचेची पाटी सरकवायची. एका पाटीवर एकच फोटो! म्हणून माझ्यासमोर माणसं श्वास रोखून उभी राहत. ब्रायटनला तर एक लाट फुटता फुटता थांबली होती. खोटं वाटत असेल तर समुद्राला विचारा.

पुढे फिल्मवाले आले, मग फोनवाले, आणि मी साठ वर्षं पोटमाळ्यावर. अखेर लंडनच्या पिनर भागातल्या समरने मला कार बूट सेलमधून, म्हणजे गाड्यांच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारातून, उचललं. म्हटलं, गुणी माणूस भेटला. कसला गुणी! घरी येताच म्हणाला, "याचा मस्त लॅम्प होईल. पोटात एक होल, वर बल्ब."

मला उघडून टेबलावर ठेवलं, शेजारी ड्रिल. तेवढ्यात त्याची दहा वर्षांची मुलगी ईरा माझ्या पाठच्या काचेत डोकावली. समोर खिडकीपाशी तिची आजी, सुलक्षणाबाई, मटार सोलत बसल्या होत्या.

"डॅड, हा ब्रोकन आहे! आजी उलटा दिसते! पाय वर, डोकं खाली!"

"बघ, बिघडलाय. मग तर लॅम्पच."

बिघडलाय? अरे, भिंगातून चित्र उलटंच पडतं! मोठमोठ्या लॉर्डांना मी डोक्यावर उभं केलं, एकाने तक्रार केली नाही. पण मला आवाज कुठला? ड्रिल घरघरू लागलं.

आजी उठल्या. एजवेअरला चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या बाई त्या. "समर, जरा समोर उभा राहा," म्हणत त्यांनी काळी शाल डोक्यावरून घेतली आणि काचेत पाहिलं.

"अगं बाई, किती गोड दिसतोयस उलटा! अरे, आपल्या डोळ्यात पण चित्र असंच पडतं. सुलट करायचं काम मेंदूचं. मग काय, तुझ्या डोक्यात पण बल्ब लावू?"

"आई, प्लीज..."

"लाव, आजी, लाव!" ईरा खिदळली.

समरने ड्रिल बंद केलं. मला वाटलं, सुटलो! पण ओशाळलेला माणूस फार धोक्याचा. "बरं, ठेवतो कपाटात," म्हणत त्याने माझं झाकण धाडकन वर दाबलं. भिंग अजून रुळांच्या टोकाला! भाता चुरगळला, कोपरा टर्रकन फाटला.

"अरे धसमुसळ्या!" आजी ओरडल्या. "आधी भिंग मागे घ्यायचं, मग मिटायचं!"

आता माझ्या भात्याला काळी चिकटपट्टी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूला बिघडलेली म्हणण्याआधी ती चालते कशी, हे कुणाला तरी विचारा. आणि मिटताना ती अडली, तर जोर लावू नका. ती अडते, कारण तिचं काहीतरी अजून बाहेर असतं. एवढं तुम्ही तरी लक्षात ठेवा. समरला सांगून आजी थकल्या.