डाखलेला स्क्रू

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर आलं आणि आमच्या बन्सीलालशेटच्या लॉऱ्या निम्मा महिना धुळ्यात उभ्या राहू लागल्या. मी पितांबर, त्यांचा मिस्तरी. हवेत पेट्रोल किती मिसळायचं हे कार्बुरेटरातला एक स्क्रू ठरवतो. ड्रायव्हर लोक चढावर तो सैल करायचे आणि पुढे विसरून जायचे. मी तो आवळून पेट्रोल कमीत कमी ठेवलं आणि पुन्हा कुणाला फिरवता येऊ नये म्हणून वरून कथील वितळवून डाख देऊन टाकला. हवा अडवून पेट्रोल जास्त ओढायला लावणाऱ्या चोकची तारही कापली. आता ओढा म्हणावं!

रिकामी लॉरी पारोळ्यापर्यंत नेऊन आणली. सपाट रस्ता, कुठे अडखळली नाही. शेटने पाठ थोपटली. आठ दिवस मी छाती फुगवून फिरत होतो.

एकटा निंबा ड्रायव्हर कुरकुरला. "भाऊ, सपाटले पुरस. भरेल गाडी चढले लागनी का इंजिन जास्ती मांगस."

"तू चाक धर. मिस्तरी मी शे," मी म्हणालो.

त्याचं खरं होतं, हे मला ठाऊक होतं. ओट्यावर बसलेल्याला अर्धी भाकरी पुरते, मोट हाकणाऱ्याला नाही पुरत. पण ड्रायव्हरने मला शिकवावं?

पौषात माझी लेक वच्छला पहिल्या बाळंतपणाला घरी आली, आर्वीला. दोन दिवस अडली. सुईणीने हात टेकले. मालेगावहून निंबाची लॉरी येत होती, ती मी थांबवली. धुळ्याचा दवाखाना दहा-बारा मैल, मधे लळिंगचा घाट. अडलेल्या बाईला एकटीला न्यायची आमच्यात रीत नाही. काकू, मावश्या, व्याही, त्यांचे भाऊबंद, सगळे चढले. आधीचे उतारू होतेच. कुणाला उतरा म्हणायचं मला धाडस झालं नाही.

घाटात निम्म्यावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. पुरुषांनी उतरून ढकलून पाहिलं, लॉरी हलेना.

निंबाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. व्याहीही पाहत होते. मी बॉनेट उघडलं आणि मोठ्याने म्हणालो, "प्लगमां कचरा शे." सहाही प्लग काढले, पुसले, परत बसवले. ते स्वच्छ होते. मग पेट्रोलची नळी फुंकत बसलो. अर्धा तास गेला. वच्छला आधी ओरडत होती, मग नुसती कण्हू लागली.

"भाऊ, आते तरी!" निंबा रडकुंडीला आला.

डाख तापवल्याशिवाय निघणार नव्हता. मी मडगार्डवर चढून बसलो आणि कार्बुरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरला. हवा कमी झाली, पेट्रोल जास्त ओढलं गेलं, इंजिन गुरगुरलं. लॉरी चढू लागली. दोनदा आतून भडका आला, कातडी सोलली. मी हात काढला नाही.

दवाखान्याच्या पायरीवर वच्छला गेली. मूल पोटातच राहिलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

झुंबरबाई, माझी बायको, आल्यागेल्याला माझा तळहात उघडून दाखवते. "दखा, पोरसाठे हात जाळी लिधा यासनी." बाया पदर डोळ्यांना लावतात. निंबा समोर असला तर खाली मान घालून उठून जातो. मला तो हात तोडून टाकावासा वाटतो. पण तिने धरलेला असतो, आणि मी तो तसाच राहू देतो.