फुस्स थांबत नव्हतं

मंगळवारी एकाच सकाळी तिसऱ्यांदा कंप्रेसरची मोटर तापून बंद पडली, तेव्हा येल्ट्येने एअरब्रश ठेवला आणि पलीकडे वेल्डिंग करणाऱ्या वीब्रेनकडे पाहिलं. त्याने मुखवटा वर केला. तो हसत होता.

"मेला का तुझा म्हातारा?"

"टाकीत हवा टिकत नाहीये. मोटर सारखी चालू होते."

"स्विच गेला असेल. दोनदा बदलला मी. आता तिसऱ्यांदा नाही बदलणार. भंगारात टाक."

ड्राख्तेन गावातल्या त्या वर्कशॉपमध्ये जत्रेतले पाळणे आणि घोडेगाड्या दुरुस्त होत. येल्ट्ये तिथे बावीस वर्षं रंगवत होती. वीब्रेनने वर्कशॉप विकत घेऊन दोन वर्षं झाली होती. आल्यापासून त्याच्या डोक्यात एकच होतं, छापील स्टिकर. छापा, चिकटवा, पैसे घ्या. येल्ट्येला तो तोंडावर 'आपल्या संग्रहालयाच्या बाई' म्हणायचा आणि ती त्याला 'डिंकवाला'.

कंप्रेसर मात्र त्याच्याच ताब्यात होता. त्याने बसवला, तोच उघडायचा. मागे एकदा हे चालतं कसं म्हणून तिने विचारलं, तर म्हणाला, "तू रंग फवार. उगाच डोकं चालवू नकोस, वाफ होईल."

समोर गिऱ्हाईक हेसेल काकांच्या पाळण्याची फळी रंगवून होत आली होती. चार राजहंस, त्यातल्या दोघांच्या माना तेवढ्या रंगवायच्या राहिलेल्या. शनिवारी काकांना जत्रेत पाळणा उभा करायचा होता.

"गुरुवारी दुपारपर्यंत जमलं नाही, तर वर स्टिकर चढणार," वीब्रेनने मुखवटा खाली ओढत सांगितलं.

त्या दिवशी येल्ट्येने रंगाला हात लावला नाही. ती स्टूल ओढून कंप्रेसरपाशी बसली आणि नुसती ऐकत राहिली. पंप हवा दाबून टाकीत भरतो. दाबाचा काटा आठवर गेला की स्विच मोटर बंद करतो, आणि त्याच क्षणी स्विचखालच्या बारीक नळीतून 'फुस्स' होतं. पंपाच्या डोक्यावर अडकलेली हवा बाहेर सोडली जाते, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला हलक्याने सुरू होता यावं. इतकं तिला समजलं. पण हे 'फुस्स' एका क्षणात संपायला हवं. इथे ते संपतच नव्हतं. सूऽऽ करत चाललेलं, आणि काटा उतरत चाललेला.

तिने भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने सगळ्या सांध्यांना लावला. कुठेच बुडबुडा नाही. फक्त त्या नळीच्या तोंडाशी फेस फुगत होता.

म्हणूनच तो स्विच बदलत बसला, तिच्या मनात आलं. हवा स्विचमधून जाते म्हणून दोष स्विचचा! पण मोटर बंद आहे, पंप हवा करत नाहीये. मग ही हवा येते कुठून? टाकीतूनच. म्हणजे पंपाकडून टाकीत जायच्या वाटेवर जो एकदिशेचा व्हॉल्व्ह आहे, तो मिटत नाहीये.

बुधवारी तिने प्लग काढला, टाकीखालचा नळ उघडला. गंजाचं तांबडं पाणी भळभळ फरशीवर आलं. काटा शून्यावर येईपर्यंत ती थांबली आणि मग पाना लावला.

"ए! हात काढ तिथून!" वीब्रेन धावत आला. "मोडलंस तर पगारातून कापीन."

"काप."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काल दिवसभर बसले होते इथे. तू दोन वर्षांत एकदा तरी बसलास?"

तिने पितळी बूच फिरवून काढलं. आत स्प्रिंग, रबराची छोटी चकती, आणि चकतीखाली पांढऱ्या टेपचा चुरगळलेला तुकडा. नळीच्या आट्यांवर गुंडाळतात ती टेप. या सांध्यावर ती तिप्पट गुंडाळलेली होती, अधाशासारखी. तिने तो तुकडा चिमट्यात धरून त्याच्या नाकासमोर नेला.

"ही कुणी गुंडाळली?"

त्याची मान लाल होत गेली.

तिने चकती पुसली, बूच बसवलं, खालचा नळ बंद केला, प्लग लावला. काटा आठवर गेला. फुस्स. मग काहीच नाही. काटा हलला नाही.

"नशीब तुझं," वीब्रेन म्हणाला. "तसंही स्टिकर छापून आलाय. हेसेलने सोमवारीच ऑर्डरवर सही केली."

"सोमवारी? मोटर बंद पडायच्या आधीच?"

"आज ना उद्या पडणारच होती."

येल्ट्येने त्याच्यासमोरच काकांना फोन लावला. हेसेल काका तासाभरात आले, रागाने फुललेले. "हा म्हणाला, मशीन कायमचं गेलं. आणि तू? तू मला आधी का नाही कळवलंस? तुमच्या भांडणात माझा पाळणा कशाला?" दोघांवर ते सारखेच ओरडले, आणि शेवटी फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "या दोन माना पुऱ्या कर. बाकीचं मला ऐकायचं नाही."

गुरुवारी ती रंगवायला बसली, तर वीब्रेनने ग्राइंडर आणून तिच्यापासून दोन हातांवर सुरू केला. ओल्या मानेवर लोखंडाची काळी धूळ बसायला लागली. येल्ट्ये उठली, भिंतीपाशी गेली, ग्राइंडरचा प्लग उपटला आणि वायर स्वतःच्या स्टुलाखाली गुंडाळून ठेवली. मग तिने धूळ बसलेली मान खरवडून काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"ती वायर दे."

"ये आणि घे."

तो आला नाही. तिचा पहिला पट्टा वेडावाकडा गेला, तोही पुसावा लागला.

फळी शुक्रवारी गेली. पुढच्या आठवड्यात येल्ट्येने राजीनाम्याचं पाकीट त्याच्या टेबलावर ठेवलं. तेव्हा तो न बघताच म्हणाला, "जा. तुझ्यावाचून काही अडत नाही." तिने कोट चढवला. जिंकल्यासारखं तिला मुळीच वाटत नव्हतं. वाटेतल्या तळ्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. सायकल ढकलत ती पुलापर्यंत पोचली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की आपण दात आवळून चालतो.