टाकीतलं विरजण

चंदाचं बारसं झालं ते साल १९५४. तिचे बाबा बल्लारशाहहून आरमोरीजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा पाळणा हलवतानाही त्यांना धाप लागत होती. अंगात बारीक ताप. पण सुटी संपेपर्यंत गडी एवढा सुधारला, की धानाचं पोतं एकट्यानं उचललं.

"तुह्या हातचं अंगी लागते त्याले," सासूबाई म्हणाल्या. "जाय तू त्याच्यासंगं."

मलाही ते खरं वाटलं. चंदाला कडेवर घेऊन मी बल्लारशाह गाठलं.

ते कारखान्यात लेथ मशीनवर होते. कापताना लोखंड तापू नये म्हणून त्यावर तेल कालवलेल्या पाण्याची धार सोडत. पाणी पांढरंफेक, म्हणून सारे त्याला दूधच म्हणत. फिरत्या लोखंडावरून त्याचे बारीक तुषार उडत आणि दिवसभर त्यांच्या नाकातोंडात जात. मी जीव लावून रांधायची, तरी संध्याकाळी ताप यायचाच. रविवारी सुटी असली की चंदाला खांद्यावर घेऊन ते वर्धा नदीच्या काठी फिरत. सोमवारी कामावर गेले की पुन्हा ताप. दवाखान्यात सुया झाल्या, गुण नाही. मी रडले.

"येडी हायेस काय?" ते म्हणाले. "तुह्या भाजीनं पोट भरते. दमाले भाजी काय करन?"

एका सोमवारी मी डबा घेऊन थेट मशीनपर्यंत गेले. मशीनखालच्या दुधाच्या टाकीला नासक्या ताकाचा वास येत होता. रविवारभर पाणी उभं राहून वर साय धरली होती.

"हे कधी बदलता, मिस्त्रीभाऊ?"

गुणवंतराव मिस्त्री गवळ्याच्या घरचे. ते हसले. "बदलाचं कायले, बाई? विरजण हाय ते. कमी झालं का वरून नवं घालतो. माह्या मायनं विरजण कधी मोडू देल्लं नाई."

"माह्याही मायनं नाई. पण नासलं का ती मडकंच फोडे."

"मुखरू, बायको आणली का साहेब आणला बे?" शेजारच्या मशीनवरचा इसरू ओरडला. सगळे हसले. चंदाचे बाबाही हसले, आणि हसता हसता खोकत खाली बसले. उठता येईना. ओठ निळे पडले.

मिस्त्रींनीच त्यांना बैलाच्या रेंगीत घालून खोलीवर आणलं. संध्याकाळी पुन्हा आले ते दारातच उभे राहिले. कोपरापर्यंत काळा गाळ.

"मडकं फोडलं, बाई. टाकी पार खरवडली. मुखरू बरा झाला का पाठवा."

चंदाच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मशीनवर त्यांचा फार जीव. मी चंदाला त्यांच्या मांडीवर दिलं.

"जाऊ मंग गावी," ते हळूच म्हणाले.

गावी दम परत आला, पण अर्धाच. मी धानाच्या रोवणीला वाकले की ते बांधावर बसून ओरडत, "वच्छले, रांग वाकडी चालली!" मग मी मुद्दाम वाकडी लावायची. ओरडले म्हणजे दम आहे.

पुढं पुढं आवाज चिखल ओलांडून येईना. मग मी ते बसत त्या बांधाजवळची बांधी, खाचराचा तेवढा तुकडा, आधी रोवायला घेई.

चंदाचे बाबा १९५९ च्या श्रावणात, रोवणी संपल्यावर वारले.