थोरल्या वहिनींनी सांगितलेली मालिका

म्योंगगू काकांनी टीव्हीचा रिमोट कोटाच्या खिशात टाकला आणि गावच्या हॉलचं दार असं काही आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. खालून तापवलेल्या जमिनीवर लसणाचे ढीग घेऊन बसलेल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"रिमोट घेऊन गेला मेला!" सुनगोकवाली आजी ओरडली. "आणि आज ती विधवा पळणार होती!"

"आजी, हळू. घराण्याचे वडीलधारे आहेत ते," तामनीवाली म्हणाली.

"कसला वडीलधारा! शेंबूड पुसलाय मी त्याचा."

मेगोक गावात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावानेच ओळखतात, तिचं स्वतःचं नाव कुणाला आठवतही नाही. जोमरेला तर माहेरच्या गावानेही कुणी हाक मारत नसे. प्यो घराण्याच्या थोरल्या घराची ती सून, तिला सगळा गाव थोरल्या वहिनी म्हणायचा. पितरांचं सगळं तिच्या हातून व्हायचं, आणि साठी आली तरी मालिकांच्या बाबतीतही तिचाच शब्द चालायचा. एक मालिका संपली की बायका तिच्याकडे यायच्या, "वहिनी, आता तसलीच दुसरी सांगा." जोमरे आधी विचारायची, "राजवाडा हवा की खेडं? रडायचंय की नुसतं हुरहुरायचंय?" मग ती नाव सांगायची. शेवट काय आहे हे ती कधी फोडायची नाही, पण गोड आहे की कडू हे मात्र खरंखरं सांगायची. त्यात तिने कधी कुणाला फसवलं नव्हतं.

'लाल कमान' तिनेच सांगितली होती, आणि सगळं बिनसलं होतं ते तिथंच. मालिकेत प्यो नावाचा एक मंत्री होता. त्याची सून ऐन तारुण्यात विधवा झालेली, वैद्यावर तिचा जीव जडलेला. मंत्र्याला ती मरायला हवी होती. नवऱ्यामागे प्राण दिला म्हटलं की राजा घराण्याला लाल कमान बांधून देतो, वर मानसन्मान. म्हणून तो दर भागात विषाचा पेला घेऊन तिच्या दाराशी उभा. आता मेगोकच्या वेशीवरही अशीच लाल कमान होती, याच घराण्यातल्या, नवऱ्यामागे विष प्यायलेल्या कुण्या जुन्या सुनेच्या पातिव्रत्याची, आणि तिला दरवर्षी रंग द्यायचे म्योंगगू काका. त्यांचं पित्त खवळलं होतं. "आपल्या पूर्वजाला खुनी ठरवतात! रविवारी पितरांची पूजा झाली की बस करून सगळे राजधानीला, सोलला. त्या चॅनलच्या दारात बसू!"

जोमरेही पेटलेली होती, पण तिचा राग वेगळाच होता.

तिचा मुलगा हायवेवर अपघातात गेला त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या एवढ्या मोठ्या घरात ती आणि सून सेरिन, दोघीच. सेरिन चौतिशीची. गेल्या महिन्यात जेवताना तिने भांड्यातून वर न बघता सांगितलं होतं, "आई, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या पिलग्यूने मला लग्नाचं विचारलंय. तुम्ही हो म्हणालात तरच जाईन." जोमरे म्हणाली होती, "पितरांची पूजा होऊ दे, मग बघू." आणि त्याच पूजेत, येत्या रविवारी, काका सगळ्या घराण्यासमोर सेरिनला थोरल्या घराची पुढची मालकीण म्हणून जाहीर करणार होते. एकदा तिने सगळ्यांसमोर पितरांपुढे माथा टेकला, की सुटका नव्हती.

आणि या बायका! पडद्यावरच्या विधवेसाठी रुमाल भिजवणाऱ्या याच बायकांनी सेरिनला पिलग्यूच्या ट्रकमध्ये बसलेलं पाहिलं, आणि गावभर केलं. "नवऱ्याच्या कबरीवरचं गवत तरी वाढू द्यायचं," असं म्हणे कुणीसं म्हणालं होतं. ते कानावर आल्यापासून जोमरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लसूण सोलताना तिची सुरी एवढी जोरात चालत होती की अर्धी पाकळी सालीबरोबर जात होती.

"वहिनी, टीव्ही तर गेला," आजी म्हणाली. "तुम्हीच सांगा एखादी. 'लाल कमान'सारखीच. तोंडीच सांगा."

जोमरेने सुरी खाली ठेवली. "आहे एक. तुम्ही पाहिलेली नाही."

"राजाच्या काळातली?"

"जुन्याच काळातली."

"विधवा आहे का?"

"आहे. नवरा घोड्यावरून पडून गेला. घरात ती आणि सासू."

"अगंबाई! आणि वैद्य?"

"वैद्य नाही. लोहार आहे. नांगर दुरुस्त करतो."

"लोहार?" कुणीतरी नाक मुरडलं. "वैद्य बरा होता."

"असू दे गं, दंड भरलेले असतील," आजी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

"सभ्य आहे," जोमरे म्हणाली. "तिच्याकडे मान वर करून बघत नाही. एकदा पावसात तिला बैलगाडीतून घरी सोडलं, बस्स. पण गावच्या एका बाईने ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर. ज्या बायका तिच्या नवऱ्याच्या मयताला गळ्यात पडून रडल्या होत्या, त्याच तिच्या पाठीमागे कुजबुजायला लागल्या. ती विहिरीवर आली की गप्प. गेली की सुरू."

"मेल्या त्या!" आजीने लसणाची पाकळी टोपलीत आपटली. "कामधंदे नाहीत का त्यांना? कुणाचा काही दोष नसताना!"

तामनीवालीचे हात थांबले होते. ट्रक तिनेच पाहिला होता. तिचे कान लाल झाले, आणि ते बघून जोमरेला महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं. इथंच थांबायचं आणि म्हणायचं, त्या बायका म्हणजे तुम्ही, असं तिने ठरवलं होतं. तोंड उघडलंही होतं.

"आणि सासू?" आजीने मध्येच विचारलं. "सासू काय करते?"

हा प्रश्न जोमरेच्या ध्यानीमनी नव्हता.

"सासू चांगली आहे. गावाला तोंड देते. सुनेला एक शब्द बोलू देत नाही कुणाला."

"ते झालं. सुनेला जा म्हणाली का?"

"म्हणाली, पितरांची पूजा होऊ दे."

"पूजेनंतर काय आहे?"

जोमरेने एक पाकळी उचलून बोटांनी चिरडली. मग म्हणाली, "पूजेत त्या सुनेला घरची थोरली करणार आहेत."

"आणि सासूला हे ठाऊक आहे?"

"आहे."

"मग डँबिस आहे ती!" आजी कडाडली. "अगं, तो विषाचा पेलावाला म्हातारा परवडला! तो निदान तोंडावर पेला धरतो. ही गोड बोलून कोंडून घालतेय. म्हणे पूजा होऊ दे! मला नाही आवडली ही बाई. थोबाडीत द्यावीशी वाटते."

"तिचा मुलगा गेलाय, आजी!" जोमरेचा आवाज एवढा चढला की खिडकीपाशी झोपलेलं मांजर उठून गेलं. "एकुलता एक मुलगा! त्या घरात त्याच्या आवाजाची, त्याच्या चपलांची आठवण असणारी तेवढी एकच बाई उरलीय! ती गेली तर सासूने भिंतींशी बोलायचं? रात्री दोन माणसांचा भात कुणासाठी लावायचा? तुम्हाला काय जातंय थोबाडीत मारायला!"

सुऱ्या थांबल्या होत्या. सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि आजीला कदाचित आधीपासूनच कळलं होतं. तिने जोमरेच्या हातातली फुकट गेलेली पाकळी काढून घेतली.

"वाईट वाटतं गं तिचं," ती म्हणाली. "पण भातासाठी कुणाला असं अडकवून ठेवतात का? त्या सासूला म्हणावं, रात्री मागच्या दाराची कडी काढून ठेव. सगळ्या मालिकांत तसंच करतात. आता एवढंच सांगा, शेवट गोड आहे ना? शेवटाच्या बाबतीत तुम्ही कधी खोटं बोलत नाही."

जोमरे उठली. तिने चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडली.

तिचं घर हॉलच्या समोरच. रस्ता ओलांडेपर्यंत ती तोंडाने पुटपुटत होती. थोबाडीत देते म्हणे! आधी आजीचा राग आला, मग तामनीवालीचा, मग कधीच कबरीत जाऊन पडलेल्या आपल्या नवऱ्याचा, मग न सांगता गेलेल्या मुलाचा. अंगणात सेरिन पूजेची पितळी भांडी राखेने घासत बसली होती.

"ठेव ते," जोमरे म्हणाली.

"दोनच राहिलीत, आई."

"ठेव म्हणते ना! माझी भांडी मी घासेन. पिलग्यूला फोन कर. ट्रक घेऊन ये म्हणावं, आत्ता. तुझी कपाटातली गादी, शिवणयंत्र, सगळं घे."

सेरिनच्या हातातलं ताट खाली पडलं आणि घरंगळत गेलं. "आई, मी पूजेपर्यंत थांबते. तुम्ही एकट्या कशा..."

"तोंड मिट! एक शब्द बोललीस तर माझं मन फिरेल. फिरायच्या आत नीघ."

ट्रक आला तो मागच्या गल्लीत. पिलग्यू बिचारा लाजेने तिकडेच थांबला होता. जोमरे भिंतीवरून ओरडली, "मागे काय करतोस? पुढे आण! मागच्या दाराने पळायला तिने चोरी केलीय का?" मग ती मोठ्या दरवाजाशी गेली. थोरल्या घराचा तो दरवाजा नवी सून आली की उघडायचा, नाहीतर तिरडी निघाली की. अडसर घट्ट बसला होता. तिने खांदा लावला, शिवी हासडली, पुन्हा खांदा लावला, आणि अडसर निघाला.

आवाजाने म्योंगगू काका धावत आले. "वहिनी! हे काय चाललंय? भरदिवसा, मोठ्या दरवाजाने! रविवारी मी पितरांना काय सांगू?"

"मी सांगेन. अजून थोरली मी आहे."

"वेशीवर कमान आहे आपल्या! त्या सतीची तरी..."

"तिनं विष आपल्या हाताने प्यायलं की कुणी पाजलं, मला माहीत नाही, काका. तुम्हालाही नाही. पण ती याच घरातली सून होती, आणि हा दरवाजा तिला कुणी उघडून दिला नाही, एवढं मला माहीत आहे. बाजूला व्हा. शिवणयंत्र जायचंय."

काका बाजूला झाले. सेरिनने उंबऱ्यावर दोन्ही हात टेकून जोमरेला खाली वाकून नमस्कार केला. जोमरेने तिच्याकडे बघितलंही नाही, ती पिलग्यूवर ओरडत होती, "दोरी आवळ नीट! यंत्र पडलं तर बघ!" ट्रक वेशीकडे वळेपर्यंत ती ओरडतच होती. मग ओरडायला कुणी उरलं नाही.

तिने काकांपुढे हात केला. "रिमोट."

काकांनी मुकाट्याने खिशातून रिमोट काढून दिला.

हॉलच्या दारात बायका दाटीवाटीने उभ्या होत्या. तामनीवाली हुंदके देत होती. जोमरे त्यांच्यामधून आत गेली, आपल्या जागी बसली आणि रिमोट आजीच्या मांडीवर टाकला.

"लावा."

आजी हळूच म्हणाली, "रात्री माझ्याकडे जेवायला ये, जोमरे."

या गावात कितीतरी वर्षांनी कुणी तिला नावाने हाक मारली होती. "लावा म्हटलं ना!" जोमरे खेकसली आणि तिने लसणाचा नवा गड्डा फोडला.