कॅसेटमधली नवरी

लटारूभाऊ एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर तीन वर्षांत त्यांच्या डोक्यातून माणसं गळायला लागली. आधी शेजारी, मग सून-नातवंडं, शेवटी बायको. मूल गावापासून गडचिरोलीपर्यंतचे थांबे मात्र ओळीनं पाठ. बायकोला, दुर्गाबाईला, ते ‘बाई’ म्हणू लागले. गाडीतल्या अनोळखी म्हातारीला म्हणावं तसं.

डॉक्टर म्हणाले, जुनं काही दाखवत राहा. म्हणून मुलानं, अंकुशनं, लग्नाची कॅसेट वडशाच्या स्टुडिओतून पेन ड्राइव्हवर करून आणली. टीव्हीवर तेहतीस वर्षांपूर्वीचा मांडव उभा राहिला. रंग फिसकटलेले, वाजंत्र्यांची तोंडं हिरवी. नवरी मध्येच विरघळायची आणि बदामाच्या आकारात परत यायची. तिच्या डोक्यावरून दोन हंस पोहत जायचे.

लटारूभाऊ पुढे सरकले. “ते पोरगी कोनाची हाय?”

“मीच ते,” दुर्गाबाई म्हणाली.

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मजाक नको करू, बाई. तिच्या बापाले विचारून पाह्य माह्यासाठी.”

मग रोज दुपारी जेवण झालं की ते केस विंचरून टीव्हीपुढे बसायचे. ती मान कशी खाली घालते, हसू कसं दाबते, हे दुर्गाबाईलाच कौतुकानं सांगायचे. असलं एक वाक्य तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिची गर्भाची पिशवी काढली तेव्हा चंद्रपूरच्या दवाखान्यात ती नऊ दिवस एकटी पडून होती. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं होतं, “सैपाक कवापासून करशीन?”

एका दुपारी ती म्हणाली, “ते पोरगी मेली.”

“कायनं?”

“तापानं.”

लटारूभाऊ गुडघ्यात तोंड घालून रडले. दुर्गाबाई सुपारी कातरत बघत राहिली. तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरून पुन्हा केस विंचरून बसले. तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी नवरीला साप चावला. मग ती वैनगंगेत बुडाली. लटारूभाऊ दर वेळी पहिल्यांदाच ऐकत होते आणि दर वेळी तेवढंच रडत होते.

सुट्टीला आलेल्या अंकुशनं हे ऐकलं. “माय, काऊन छळून राह्यली तू त्याले?”

“तुह्या बापानं माह्यासाठी कवा डोळे ओले केले का? आता करते तर पाहून राह्यली मी.”

अंकुश बॅग भरायला लागला. संध्याकाळच्या गाडीनं गेला.

धान कापणीला आलं त्या सुमारास एका दुपारी तिनं नेहमीसारखं सांगितलं, “मेली ते.”

“कोन?”

“ते नवरी. नदीत बुडाली.”

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. एखाद्या भिंतीकडे पाहावं तसं. दुर्गाबाई जवळ सरकली. प्रेत कसं काठाला लागलं, केस कसे गाळात माखले होते, बांगड्या कशा तशाच होत्या, सगळं सांगितलं. आवाज चढवून पुन्हा सांगितलं. त्यांचा खांदा धरून हलवला.

“बाई,” लटारूभाऊ म्हणाले, “भात झाला का?”

तिनं भात वाढला. त्यांनी पोटभर खाल्ला आणि तिथेच आडवे झाले. टीव्हीवर वरात निघाली होती. ती तिनं एकटीनंच शेवटपर्यंत पाहिली.