पडद्यावरच्या बाई

बाळंतपणाच्या रजेत मी नववीची अख्खी भूमिती घरीच, फ्रिजला टेकवलेल्या फळ्यावर शिकवून रेकॉर्ड केली. रजा संपवून शाळेत आले, तर वर्गात माझ्या जागी मीच उभी होते. भिंतभर मोठी, कधी न दमणारी.

"तुम्ही आपलं मागच्या बाकावर बसायचं नि हे बटण दाबायचं," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. "घरी तान्हं लेकरू, कशाला घसा कोरडा करता? पडद्यावरच्या बाई मस्त शिकवतात!"

जणू मला त्या बाईंच्या हाताखाली शिकाऊ म्हणून ठेवलं होतं.

"पण मला शिकवायचंय हो. एक तास तरी द्या."

"बरं. एक प्रमेय शिकवून दाखवा. फरक दिसला, तर वर्ग तुमचा."

मी त्रिकोणाच्या कोनांची बेरीज घेतली. वरच्या टोकातून पायाला समांतर रेषा काढली, तोच दोन वेण्यांच्या एका अबोल मुलीचा हात वर झाला.

"बाई, ही रेषा काढायची हे सुचलं कुणाला? पडद्यावर तुम्ही नुसतं 'काढा' म्हणता. मी मागे नेऊन नेऊन पाहिलं, तरी तेच म्हणता!"

"मग काय, रेकॉर्डिंग तुला लाजून बदलणार होय गं?" शेजारीण म्हणाली. वर्ग खिदळला.

मी कागदाचा त्रिकोण कापून तिच्या हातात दिला. "खालचे दोन कोपरे फाड. आता वरच्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवून ठेव बघू."

तिने ठेवले. तीन कोन शहाण्या भावंडांसारखे एका ओळीत बसले.

"अय्या! ही तीच रेषा की!"

"वा, फरक दिसला हं!" दारातून आवाज आला. मोठ्या बाई हातात फोन उंच धरून उभ्या होत्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "सगळं टिपलंय मी. आता जुन्याऐवजी हाच पाठ लावू. पुन्हा म्हणून तुम्हाला त्रास नको!"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मागच्या बाकावर. पडद्यावर पुढचं प्रमेय सुरू झालं, घरचंच, फ्रिजवालं. दोन वेण्या मागे वळल्या.

"बाई, पण इथे हेच दोन त्रिकोण का घेतले?"

नेमकं तेव्हाच रेकॉर्डिंगमध्ये माझं लेकरू रडलं. पडद्यावरच्या बाईंनी खडू खाली ठेवला. "आले हं, आले. रडू नको माझ्या सोन्या." त्या निघून गेल्या आणि पडद्यावर नुसता फळा उरला.

मी उठले, खडू शोधला आणि पुढे गेले.

"बाई, त्या आता परत येतील ना?" दोन वेण्यांनी काळजीने विचारलं.

"बघू," मी म्हटलं. बटण माझ्याच हातात होतं.